रत्नागिरी ते मालवण एमटीबीवर (माउंटन बाइकवर), डांबरी रस्ता जमेल तेवढा टाळून: रूट सुचवा

पेडल_पुणे

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ रत्नागिरी ते मालवण सायकलने करायचं ठरवतोय. दोघांकडेही हार्डटेल (मागे सस्पेंशन नसलेल्या) एमटीबी आहेत, २९ इंची चाकं, पुढे १०० एमएमचं सस्पेंशन. रविवारी सिंहगड, बोपदेव, एनडीएच्या मागच्या टेकड्या असं चालू असतं त्यामुळे चढाची सवय आहे पण सामान लादून सलग पाच दिवस असं आत्तापर्यंत केलेलं नाही.

नेटवर शोधलं की सगळीकडे सागरी महामार्गच सापडतो, तोही सुंदर आहे याबद्दल वाद नाही पण तो सगळा डांबरी, आणि ख्रिसमसच्या सुट्टीत गाड्यांची रांग असणार. आम्हाला हवेत मातीचे रस्ते, सडे (कातळाची पठारं), बैलगाडीच्या वाटा, खाडीकाठ, गावातून गावात जाणाऱ्या वाटा. गुगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून बघितलं तर सड्यांवर वाटांचं जाळंच दिसतं, पण त्यातली कुठली खरंच पलीकडे उतरते आणि कुठली चिरेखाणीत (जांभ्या दगडाच्या खाणीत) जाऊन संपते ते पुण्यात बसून कळत नाही.

तर विचारायचंय ते असं की दिवसाला किती किलोमीटर धरावेत, खाड्या कुठे कशा ओलांडायच्या, टायर कुठले, आणि सायकली तिथवर न्यायच्या कशा. मुक्कामाला तंबू नको, घरगुती राहायची सोय मिळाली तर उत्तम. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रानवाट_राजापूर

दादा, सगळ्यात आधी किलोमीटरचा हिशोब डोक्यातून काढून टाका. आमच्याकडे अंतर मोजायचं ते खाड्यांनी आणि सड्यांनी. जमीन कशी आहे ते समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. वर जांभ्याचा सपाट कातळ, शंभर सव्वाशे मीटर उंच, त्याला आम्ही सडा म्हणतो. दोन सड्यांच्या मधे खोल घळ, घळीत गाव, माड पोफळी, खाली व्हाळ (ओढा) नाहीतर खाडी. म्हणजे सड्यावर असताना एकदम निवांत, पण प्रत्येक गावाला समुद्रसपाटीला उतरायचं आणि परत चढायचं. असे आठ-नऊ गाव झाले की दिवसाची चढाई हजार मीटरच्या आसपास जाते आणि नकाशात तुम्ही पन्नास किलोमीटरच पुढे सरकलेले असता. म्हणून कच्च्या वाटेने दिवसाला चाळीस ते पन्नास धरा, त्याच्यावर नको.

आता रूट. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडला की पावसकडे जाणारा मेन रस्ता आहे, तो गोळपपर्यंत घ्या, तिथून सड्यावरचे कच्चे रस्ते धरून गणेशगुळ्याला उतरता येतं आणि मग पावस. स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारचं थांबा, सावली आहे, पाणी आहे. पुढे पूर्णगड. किल्ला छोटाय पण मुचकुंदीचं मुख वरून फार छान दिसतं. पूल ओलांडून गावखडी, गावखडीचा सुरुबनातला रस्ता वाळूचा आहे, जमलं तर तोच घ्या. मग कशेळी. कनकादित्याच्या देवळाजवळ घरगुती राहायची सोय विचारून मिळते. पहिल्या दिवसाला एवढं भरपूर झालं.

दुसऱ्या दिवशी खरी मजा. कशेळीहून आडिवऱ्याला महाकालीच्या देवळात जा, आणि तिथून सरळ दक्षिणेला नाट्याकडे न उतरता आत देवीहसोळकडे वळा. हा सगळा सडाच सडा आहे, मधेच काजूची बाग, मधेच चिरेखाण, मधेच काहीच नाही, नुसता कातळ आणि वाळलेलं सोनेरी गवत, डिसेंबरमधे सकाळी सात ते दहा या वेळात त्या सड्यावर सायकल चालवण्याइतकं सुख मला तरी दुसरं माहीत नाही. आर्यादुर्गेचं देऊळ बघा आणि संध्याकाळपर्यंत नाटे किंवा आंबोळगड गाठा.

चिरेखाणीचं तुम्ही विचारलंत ते बरोबर विचारलंत. ओळखायची खूण सांगतो. ट्रकच्या चाकोऱ्या रुंद आणि खोल असतील आणि वाटेवर लाल भुकटी साचली असेल तर ती वाट खाणीला जाते, पुढे रस्ता नाही. माणसांची आणि गुरांची वाट अरुंद असते, कातळावर ती झिजून थोडी गुळगुळीत फिकट दिसते, आणि उताराला लागली की दोन्ही बाजूला गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, सुरू होतो. गडगा दिसला म्हणजे खाली वाडी आहे हे नक्की. शेवटचा उतार बहुतेक वेळा पाखाडीचा असतो, दगडी पायऱ्या. त्या सायकलवरून उतरायचा मोह आवरा, पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात आणि वळणावर समोरून डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली बाई येत असते. उतरून सायकल हातात धरा.

तिसरा दिवस जैतापूरचा पूल ओलांडून. पुढे वाघोटणची खाडी आडवी येते, हीच रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची हद्द. विजयदुर्ग समोर दिसतो पण पूल आत वाघोटणला. एखादा होडीवाला पलीकडे सोडेल का ते आदल्या दिवशी गावात विचारा, मिळाली तर उत्तम, पण त्या भरवशावर दिवस आखू नका.

सुरुबन

वरचा रूट चांगलाच आहे पण समुद्रकिनाऱ्यावरून सायकल चालवायचं कोणी बोललंच नाही? एमटीबी घेऊन कोकणात यायचं आणि वाळूत घालायची नाही हे काय पटत नाही. ओहोटीला पाण्याच्या कडेची ओली वाळू एवढी घट्ट असते की डांबरी रस्त्यासारखी चालते. गुहागरचा किनारा, दिवेआगरचा, दापोलीजवळ कर्दे मुरुड, सलग कितीतरी किलोमीटर, एक गाडी नाही. रत्नागिरीच्या खाली गावखडी आहे, मिठबाव आहे, तोंडवळी तर लांबच लांब. माझ्या मते रूटच असा आखावा की रोज एक किनारा ओहोटीच्या वेळेला पायाखाली येईल.

चेनलूब

सुरुबन, किनाऱ्याचं सुख मान्य, पण खारं पाणी सायकलच्या बेअरिंगला आणि चेनला काय करतं ते वर्कशॉपमधे रोज बघतो. एकदा लाटेच्या पाण्यातून गेलात आणि रात्री तशीच ठेवलीत की सकाळी चेनवर तांबडा थर. त्यामुळे किनारा करायचाच असेल तर पाण्यातून नको, ओल्या घट्ट वाळूवरून, आणि मुक्कामी पोचल्या पोचल्या विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायची, पाइपचा फोर्स बेअरिंगवर मारायचा नाही, नुसतं तांब्याने ओतायचं, फडक्याने पुसायचं आणि चेनला ऑइल. पाच मिनिटांचं काम आहे, रोज करा.

पेडल_पुणे, टायरबद्दल. जांभ्याच्या कडा धारदार असतात, टायरच्या साइडवॉलला (बाजूच्या रबराला) चिरा पडतात, म्हणून पातळ साइडवॉलचे हलके रेसिंग टायर नकोत. २.१ ते २.३ रुंदीचे, साइडवॉल मजबूत असलेले घ्या. ट्यूबलेस असेल तर फारच छान कारण सड्याच्या कडेला करवंदीची जाळी आहे आणि तिचे काटे ट्यूबला सोडत नाहीत. तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल तर ट्यूबलेसला मागे २५ पुढे २२ पीएसआय, ट्यूब असेल तर तीसच्या खाली जाऊ नका नाहीतर दगडावर आपटून रिमच्या कडेने ट्यूब फुटते. टायरला आतून लावायला जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा, चीर पडली तर तोच घराकडे आणतो. ब्रेक पॅड निघायच्या आधी बदला आणि एक जोड बरोबर ठेवा. हे उतार छोटे पण फार तीव्र असतात, लाल धूळ पॅडवर बसते आणि पॅड भराभर झिजतात, आणि तुमच्या मॉडेलचा पॅड तालुक्याच्या गावात मिळेलच असं नाही.

सामान पाठीवर अजिबात घेऊ नका, त्या दमट हवेत पाठ सडते. सीटमागची बॅग आणि हँडलवर एक, एवढ्यात पाच दिवस होतात.

न्यायचं म्हणाल तर पुण्याहून रत्नागिरीला रात्रीच्या बसच्या डिकीत, पुढचं चाक आणि पेडल काढून, हँडल फिरवून. ड्रायव्हर क्लीनरशी आधी फोनवर बोलून घ्या आणि रीअर डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) असलेली बाजू वर ठेवा. परतीला मालवणहून कुडाळ स्टेशन तीसेक किलोमीटर आहे, तिथून रेल्वेने पार्सलमधे टाकता येते. मात्र छोट्या स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते तेव्हा आदल्या दिवशी पार्सल ऑफिसला जाऊन त्या गाडीत तिथे सायकल चढते का हे विचारा, आणि नावपत्ता लिहिलेला पुठ्ठा फ्रेमला दोन ठिकाणी बांधा.

कर्लीकाठ

मी मालवणची, सिंधुदुर्गातलं मी सांगते. विजयदुर्गाहून निघालात की गिर्येचं रामेश्वर मंदिर चुकवू नका, खडक फोडून केलेल्या वाटेने खाली उतरायचं आणि समोर देऊळ. नंतर पडेल कॅन्टीन, नाव कॅन्टीन असलं तरी हे नाक्याचं नाव आहे, इथे चहा नाश्ता करून घ्या. इथून देवगडपर्यंत सड्यावरून आत शिरायला वाटा भरपूर आहेत पण एक लक्षात घ्या, हा सगळा हापूसच्या बागांचा भाग. डिसेंबर जानेवारीत मोहोर येतो आणि फवारण्या चालू असतात. बागेच्या वाटेवर आडवे बांबू लावलेलं बेडं असेल तर ती खासगी वाट, राखणीला माणूस असतो, त्याला हाक मारा, विचारा, बहुतेक जण जाऊ देतात आणि वर रस्ताही सांगतात, पण न विचारता बेडं काढून आत जाऊ नका. वर्षाचं उत्पन्न त्या मोहोरावर असतं हो. आणि फवारणी चालू दिसली की तोंडाला रुमाल लावून दुसरी वाट धरा.

देवगडहून कुणकेश्वरला तारामुंबरी मिठमुंबरीचा पूल घ्या, अंतर खूप वाचतं. मग मिठबाव, मुणगे, आचरा. आचऱ्याच्या पुढे मेन रोड सोडून तोंडवळीकडे वळा. तोंडवळी तळाशील ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे माड आणि घरं. टोकाला समोर सर्जेकोट. होडीने पलीकडे जायची सोय झाली तर मालवणात मागच्या दाराने शिराल, नाही झाली तर आल्या वाटेने परत फिरून कोळंब मार्गे. तळाशीलचं पोरगंसुद्धा तुम्हाला सांगेल आज होडी आहे की नाही.

सुरुबन म्हणतात तो किनारा तोंडवळीलाच करा. पण वेळ कशी काढायची ते सांगते कारण मोबाइलला रेंज नसली तरी हे जमतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ गुणिले तीन भागिले चार म्हणजे सहा, सकाळ संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अमावस्या पौर्णिमेला भरती साधारण सव्वाअकराला, ओहोटी पाचच्या पुढेमागे. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. आता गंमत बघा, अष्टमीला ओहोटी भर दुपारी उन्हात येते आणि भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी फार आत जातही नाही, किनारा अरुंदच राहतो. अमावस्या पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जेवढं वर येतं तेवढंच लांब आत जातं, आणि ओहोटी संध्याकाळी पाचला, ऊन उतरलेलं, वाळू रुंद आणि घट्ट. किनाऱ्यावर सायकल घालायची तर ते दोन तीन दिवस. तारखा ठरवायच्या आधी कॅलेंडर बघा.

बाकी आमच्या हय इल्यात तर घावणे खाल्ल्याशिवाय जाव नकात.

पेडल_पुणे

रानवाट दादा, कर्लीकाठ ताई, चेनलूब, सुरुबन, खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन तीन शंका. देवीहसोळच्या बाजूला कातळशिल्पं (कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) आहेत असं वाचलं, ती वाटेत येतात का आणि सायकल तिथवर नेता येते का? दुसरं, सड्यावर पाणी कुठे मिळतं? आणि साप वगैरे, घरच्यांनी विचारलंय म्हणून विचारतो. तोंडवळीच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी असतात का हेही कोणीतरी सांगा.

रानवाट_राजापूर

कातळशिल्पांबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, यावर मला लिहायचंच होतं. कशेळीला आहेत, देवीहसोळला आहेत, बारसूच्या सड्यावर आहेत, रुंढे तळीला आहेत, देवाचे गोठणेला आहे. २०२२ मधे यातली बरीच ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, कर्लीकाठ ताईंच्या मालवण तालुक्यातलं कुडोपीसुद्धा. कशेळीचा हत्ती तर एकटाच साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. हे सगळं उघड्या जमिनीवर आहे. भिंत नाही, छप्पर नाही, तुम्ही चालता त्याच कातळात बोटभर खोल रेघा. दुपारच्या उन्हात तर त्या दिसतही नाहीत, सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असलं की सावलीने उठून दिसतात.

म्हणून कळकळीने सांगतो, या पाच गावांच्या सड्यांवर मळलेली वाट सोडून मोकळ्या कातळावर सायकल घालू नका. आजवर सापडलेल्या शिल्पांना काही ठिकाणी चिऱ्यांचं कुंपण केलंय पण न सापडलेली अजून किती असतील. जांभा दिसायला कणखर वाटला तरी नॉबी (खडबडीत नक्षीच्या) टायरने ब्रेक मारून चाक घसरवलं की पोपडा निघू शकतो. हजारो वर्षं पावसात टिकलेली रेघ आपल्या चाकाखाली जायला नको. सायकल वाटेवर आडवी ठेवा, चपला बूट काढून जवळ जा, फोटो काढा, गावातल्या कोणाला बरोबर घेतलंत तर त्याला चार पैसे मिळतील आणि तुम्हाला नेमकं काय कुठे आहे ते कळेल.

पाणी सड्यावर नाही, असं धरूनच चला. पावसाळ्यात साठलेली डबकी डिसेंबरपर्यंत आटतात. माणशी तीन लिटर घेऊन वर चढा आणि प्रत्येक वाडीत भरून घ्या, कोणत्याही घरी मागितलं तर पाण्याबरोबर गूळ येतो. अकरा ते साडेतीन सड्यावर राहू नका, कातळ तापतो आणि सावलीला एक झाड नसतं. ती वेळ खाली गावात देवळात काढायची.

साप म्हणाल तर आमच्याकडे फुरसं. लहान असतं, कातळाच्या रंगाचं, दगडाखाली आणि गवतात बसलेलं. चालत्या सायकलला त्याचा काही त्रास नाही. त्रास होतो तो बसायला दगड उचलणाऱ्याला, अंधारात अनवाणी फिरणाऱ्याला. दगड हाताने उचलू नका, रात्री बाहेर पडताना बूट आणि बॅटरी. चुकून चावलंच तर बांधाबांधी, चिरा देणं काही नाही, हात पाय हलवू न देता थेट ग्रामीण रुग्णालय.

आणि सड्यावर स्टोव्ह पेटवू नका. गवत वाळलेलं असतं, वाऱ्याने एक ठिणगी उडाली तर खालच्या काजूच्या बागांपर्यंत वणवा जातो.

कर्लीकाठ

कासवांचं मी सांगते. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात, वेळासचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण सिंधुदुर्गातही घरटी सापडतात. मादी रात्री येते आणि भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या मऊ वाळूत खड्डा करते. म्हणजे ओहोटीच्या ओल्या पट्टीवर, तेही दिवसाउजेडी, सायकल चालवलीत तर घरट्याला धक्का लागत नाही. किनाऱ्यावर चढता उतरताना मात्र माणसांची नेहमीची वाट वापरा, जाळीचं कुंपण दिसलं तर लांबून जा, आणि अंधार पडल्यावर हेडलाइट लावून किनाऱ्यावर अजिबात नको. प्रकाशाने मादी परत फिरते.

सुरुबन

कासवांचं पटलं, माझ्या डोक्यात दिवसाचंच होतं. ऑक्टोबरमधे येणाऱ्यांसाठी एक विचारतो, तेव्हा सड्यावर फुलं असतात ना?

रानवाट_राजापूर

फुलं ऑगस्ट सप्टेंबरला. सीतेची आसवं, सोनकी, सगळा सडा निळा पिवळा होतो. पण तेव्हा कातळावर शेवाळ असतं, सायकल उभी राहत नाही, आणि फुलं सगळी त्या बोटभर मातीतच असतात जिच्यावरून चाक जाणार. तेव्हा चालत या. ऑक्टोबरला फुलं ओसरलेली आणि उकाडा जीवघेणा. सायकलला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी.

पेडल_पुणे

कॅलेंडर बघितलं. ताई तुमच्या हिशोबाने तोंडवळीला आम्ही पोचतो त्या दिवशी दशमी येतेय. म्हणजे साडेसातला भरती आणि दीडला ओहोटी बरोबर ना? मग किनारा दुपारी करावा लागेल. की एक दिवस देवगडला जास्त राहू?

कर्लीकाठ

हिशोब बरोबर. देवगडला थांबून काही साधणार नाही, पाऊण तासच सरकेल. त्यापेक्षा पुण्याहून चार दिवस उशिरा निघा म्हणजे चतुर्दशीला तोंडवळीत असाल, साडेदहाला भरती, साडेचारला ओहोटी. सुट्टी पुढे ढकलता येत नसेल तर दशमीला मिठबावहून सकाळी सहाला निघा, साडेअकरापर्यंत आचऱ्यात रामेश्वराच्या देवळात पोचा, जेवा, आणि दोनला तोंडवळीत उतरा. वारा तेव्हा समुद्रावरून येतो, ऊन लागलं तरी सोसतं. टोपी ठेवा.